माळावर बर्फ पडणार आहे

सोलापूर, ता. ८ जानेवारी १९२९

श्री बिरोबा प्रसन्न

मायाक्कास धाकटा भाऊ सिद्धाप्पा याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींना रामराम. मी इकडे खुशाल आहे, पण हे पत्र खुशालीचं नाही. मास्तरांकडून वाचून घेण्याआधी तू खाली बस, आणि दाजींनाही बसव.

तुला ठाऊकच आहे की गिरणीच्या स्टोअरात कारकुनाच्या हाताखाली लागल्यापासून मी रोज इंग्रजी वाचतो. परवा विलायतेहून यंत्राच्या सुट्या भागांची पेटी आली. भाग एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे इंग्रजी वर्तमानपत्रं कोंबली होती. लोक असले कागद फेकून देतात. मी फेकत नाही. एक पान मांडीवर सरळ केलं, हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि वाचायला बसलो. वरचा कोपरा फाटला होता, पण मजकूर शाबूत होता.

अक्का, त्यात येत्या आठवड्याच्या हवेचा सरकारी अंदाज आहे. उत्तरेकडून आर्क्टिक नावाचा वारा सुटणार, तो घरावरची कौलं उडवणार. त्याच्यामागून हाडं गोठवणारी थंडी, आणि मग 'हायलँड'वर गुडघाभर बर्फ. हाय म्हणजे उंच, लँड म्हणजे जमीन. उंच जमीन म्हणजे माळ. आता आपल्या जिल्ह्यात माळ म्हटला की कुणाचा, हे मी तुला सांगायला नको. आणि तरीही शंका राहू नये म्हणून पुढं स्वच्छ लिहिलंय, की मेंढपाळांनी आपापले कळप ताबडतोब खाली आणावेत. मुंबईवाल्यांकडं मेंढरं आहेत का? पुणेकरांकडं आहेत? मग सरकार हे कुणाला सांगतंय? वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या धनगरांना आजवर सरकारनं इतक्या मायेनं काही लिहिलं नव्हतं.

विलायतेच्या पेपरात आपली बातमी कशी, असं मास्तर विचारतील. त्यांना म्हणावं, राज्य तिथून चालतं, तर हवा कुठून चालणार?

तेव्हा कातरणी थांबवा. पुढच्या सोमवारी मेंढरं कातरायची ठरली आहेत असं तू लिहिलं होतंस. अंगावर लोकर असली तरच ती वाचतील. सोलापूर 'लोलँड'मध्ये, म्हणजे खालच्या जमिनीत येतं, त्यामुळे माझी काळजी करू नये. तरी मी गळपट्टा विकत घेतला आहे.

आणखी एक. जेऊरचे येडूमामा महिनाअखेरीस आपलं घर बघायला येणार आहेत. तेव्हा वाटा बर्फानं बंद असतील. त्यांना कळवावं का? आणि त्यांच्या लेकीला, गोजाबाईला, थंडीत घराबाहेर काढू नये, असा निरोप माझ्या नावानं न देता देता आला तर द्यावा.

तुझा,
सिद्धाप्पा

*

वाडी, सांगोल्याजवळ, ता. १२ जानेवारी

सिद्धाला मायाक्काचा आशीर्वाद. हे पत्र शिवयोगी मास्तरांच्या हातचं हाय. मास्तर म्हनले, मी शुद्ध करून लिवतो. मी म्हनलं, माझा भाऊ माझी बोली वळखतो, मी बोलते तसंच लिवा. तर ते तोंड वाकडं करून तसंच लिवत्यात.

तुझं पत्र बिरोबाच्या देवळाम्होरं समद्या वाडीला वाचून दाखवलं. आपल्या वाडीत इंग्रजी येनारा तू एकटा, म्हनून तुझं पत्र म्हंजे आता समद्यांचं पत्र झालंय. वाचून झालं. मग शेजारची कस्तुराबाई म्हनली, "पन बर्फ म्हंजे काय वो मास्तर?"

मास्तर म्हनले, "पिंजलेल्या कापसावानी असतो. पांढरा, गार. आभाळातनं पडतो आनि हातात घेतला की त्याचं पानी होतं."

"पानी?" समदी वाडी एका दमात म्हनली.

सिद्धा, तू भ्या घालून पत्र लिवलंस, पन हितं कुनाला भ्याच वाटंना. दोन वर्सं झाली, हिरीत खाली बघितलं तर आपलंच तोंड दिसत न्हाय. तितं गुडघाभर पानी आभाळातनं पडनार, आनि ते बी वाहून न जाता जाग्यावर बसून ऱ्हानार, तर त्याला भ्यायचं कशाला? कस्तुराबाईनं त्याच दिशी घरातली घागर, कळशी, काथवट, आनि गुळाची काहील उसनी आनून अंगनात मांडली. रोज सकाळी उठून आत डोकावून बघती.

पंच मातुर म्हनले, पोरगं चुकलं तर? कातरनी लांबली तर घोंगडीवाले लोकर घ्यायला थांबत न्हाईत. मी म्हनलं, माझा भाऊ चुकनार न्हाय. मी माझा शबूद देते. मग माझ्या शबदावर समद्यांनी कातरनी थांबवली. तुझं दाजी निस्तं आभाळाकडं बघून म्हनले, "घाम का येतोय मग?"

आता सांग, बर्फ मेंढरं खात्यात का? खाल्ला तर पोट फुगतं का? आनि खाली आना म्हनतोस ते कुटं? आपल्या वाडीखाली मान नदीचं पात्र हाय, कोरडं. तितं आनू का?

मायाक्का

ता.क. (माझे स्वतःचे.) हायलँड हा शब्द उंच पठारासाठी वापरतात, हे मी भूगोलाच्या पुस्तकात पाहून खात्री करून घेतली. दख्खन हे पठारच आहे. आपला अर्थ बरोबर आहे. बर्फात शाळेस सुटी द्यावी किंवा कसे, याविषयी सदर पानात काही असल्यास कृपया कळवावे. मी मूळचा वळसंगचा. आमच्याकडे बर्फाचा अनुभव नाही. — शिवयोगी मास्तर

*

सोलापूर, ता. १५ जानेवारी

मायाक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. मी ते पान पुन्हा काढून नीट वाचलं. मागच्या बाजूला मेंढपाळांना सूचना आहेत. जशा समजल्या तशा कळवतो.

शाळा बंद ठेवाव्यात. मास्तरांना सांगावं.

कळप खाली, आडोशाला आणावेत. नदीचं पात्र उत्तम.

रस्त्यावर मीठ टाकावं. हे दोनदा लिहिलंय, म्हणजे महत्त्वाचं असणार. कारण दिलेलं नाही. बहुधा दृष्ट लागू नये म्हणून असावं. विलायतेतही लोक हे मानतात, हे वाचून मला बरं वाटलं.

प्रत्येक मेंढपाळाजवळ लांब काठी असावी. बर्फात मेंढरू पुरलं गेलं तर काठी खुपसून शोधायचं असतं. काठ्या आपल्याकडं आहेतच.

कोकरू गारठून मलूल झालं तर त्याला चमचाभर दारू पाजावी. अक्का, हे मी मनचं लिहीत नाही. छापलेलं आहे. दाजींना मात्र 'चमचाभर' हा शब्द दोनदा वाचून दाखवायला सांग.

बर्फ मेंढरांनी खाल्ला तर काय होतं, ते लिहिलेलं नाही. बेतानं द्यावा.

इथं अजून ऊनच आहे. मी स्टोअरात गळपट्टा बांधून बसतो. लोक हसतात. आमचे हेडक्लार्क गुरुसिद्धप्पा अण्णा म्हणाले, "काय रे, घसा बसलाय का?" मी नुसता हसलो. त्यांचं गाव खालच्या जमिनीत आहे, त्यांना कशाला घाबरवायचं?

सिद्धाप्पा

*

वाडी, ता. २० जानेवारी

सिद्धाला आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं समदं केलं. आता काय काय झालं ते ऐक.

गुरुवारी समदी मेंढरं नदीच्या पात्रात उतरवली. अकराशे मेंढरं, आनि आमी समदी मान्सं घोंगडी पांघरून काठ्या घिऊन उभी. ऊन असं की वाळू पायाला चटकं द्याला लागली. मेंढरं कातरलेली न्हाईत, त्यांच्या जिभा भाईर. आमच्या बी भाईर. कस्तुराबाई म्हनली, "थंडी यायच्या आधी असाच उकाडा व्हतो," म्हनून मग आमी तसंच उभं ऱ्हायलो.

शुक्रवारी दोन पोती मीठ आनून सांगोल्याच्या सडकंवर टाकलं. सिद्धा, ते मीठ कशाला टाकायचं ते तुला ठाव न्हवतं, पन मेंढरांना ठाव व्हतं. आपली अकराशे नदी सोडून वर आली. मग पल्याडच्या वाडीची आली. मग ज्यांची नावं बी आमाला ठाव न्हाईत त्यांची आली. समदी सडक चाटाया लागली. आन मेंढरू एकदा मिठाला लागलं की त्याला देव बी हलवू शकत न्हाय. तेवढ्यात तालुक्याच्या एका सायबाचा टांगा आला. म्होरं मेंढरं, मागं मेंढरं, मधी सायेब. सकाळी धा वाजता अडकला तो दोन वाजता सुटला. सायेब घाम पुसत वरडले, "हे मीठ कुनी टाकलं?" कस्तुराबाई हात जोडून म्हनली, "बर्फाची तयारी हाय सायेब." सायबानं तिच्याकडं बघितलं, सूर्याकडं बघितलं, आनि टांग्यात मागं टेकून डोळं मिटून घेतलं.

दारूचं बी सांगते. शनवारी एक कोकरू जरा सुस्त वाटलं. ते उनानं सुस्त व्हतं असं मी म्हनत व्हते. पन तुझं दाजी म्हनले, छापील हाय, करायलाच पायजे. पाजायच्या आधी ती दारू कोकराला बरी हाय का ती बघाया पायजे, म्हनून त्यांनी चाखली. मग दुसऱ्यानं चाखली. कोकरू एक आनि तपासनारे अकरा. कोकरू आपसूक उठून चराया गेलं. तपासनारे सांजंपातुर उठले न्हाईत.

आज सकाळी वारा सुटला. समद्यांना वाटलं आलाच आर्क्टिक. कस्तुराबाईची काहील गडगडत वढ्यात गेली. पन तो आपला नेहमीचाच फुफाट्याचा वारा निघाला.

सिद्धा, आता लोकं माझ्याकडं बघून गप व्हत्यात. घोंगडीवाल्यांचा दोनदा निरोप आला, लोकर कवा? मी शबूद दिलाय. बर्फ कोनच्या वारी पडनार ते नक्की कळव.

मायाक्का

ता.क. शाळा बंद ठेवली आहे. वरून विचारणा झाल्यास कारण काय लिहावे? — शिवयोगी मास्तर

*

सोलापूर, ता. २३ जानेवारी

मायाक्कास नमस्कार.

घाईनं लिहितो. हवेचा अंदाज बदलला आहे. आर्क्टिक वारा मधूनच दुसरीकडं वळवण्यात आला असून माळावरचा बर्फ रद्द झाला आहे. वाडीस झालेल्या तसदीबद्दल वाईट वाटतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते पान घेऊन गुरुसिद्धप्पा अण्णांकडं गेलो होतो, बर्फाचा नक्की वार विचारायला. त्यांनी पान वाचलं. उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं आणि त्यांचे खांदे कितीतरी वेळ हलत होते. शेवटी डोळे पुसून त्यांनी सांगितलं की सांगोल्याला बर्फ पडणार नाही, याची ते स्वतः हमी देतात.

तेव्हा काही भीती नाही. मेंढरं खुशाल कातरावीत. लवकर कातरावीत. घोंगडीवाल्यांना थांबवू नये. शाळा लवकर उघडावी. ऊन चांगलं आहे, असंच राहील.

मी गळपट्टा घालत नाही.

जास्त काय लिहिणे.

सिद्धाप्पा

*

वाडी, ता. २८ जानेवारी

सिद्धाला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाडीवर सुतक आल्यावानी झालं. कस्तुराबाई तर भांडी उचलताना रडली. ती म्हनती, रद्द कुनी केला? कोन्या गावाला दिला? पंचांनी अर्ज करायचं ठरवलंय, की गुडघाभर न्हाय तर न्हाय, निदान वीतभर तरी द्यावा. अर्ज कुनाला करायचा ते तू कळवावं.

मी मातुर तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. त्यात तू दोनदा लवकर लवकर लिवलंयस. लहानपनी चूल इजवून ठेवलीस की तू असाच लवकर लवकर बोलायचास. पन असू दे. तू पेपर वाचतोस, मी वाचत न्हाय.

कातरनी झाली. तुझं पत्र आलं त्याच दिशी सुरू केली आनि काल संपवली. घोंगडीवाले लोकर घिऊन गेले. मेंढरं आता सोललेल्या शेंगदान्यावानी दिसत्यात. एकमेकीला वळखत न्हाईत, हुंगून बघत्यात.

जेऊरचं येडूमामा गुरुवारी येनार हायेत, एकतीस तारखंला. घर सारवलंय. तुझं दाजी म्हनत्यात, आता तेवढं नीट पार पडू दे.

मायाक्का

*

सोलापूर, ता. ३० जानेवारी

अक्का,

हे पत्र आधी वाच, मग दुसरं काही कर. कालपासून इथं थंडी पडली आहे. खरी थंडी. आज सकाळी उत्तरेकडून असा वारा सुटला की गिरणीत येणारे कामगार पोती गुंडाळून आले. सोलापुरात असा गारठा बघितल्याचं कुणी म्हातारंही सांगत नाही. आणि तुझी मेंढरं उघडी आहेत. माझ्यामुळं उघडी आहेत.

अक्का, ते पान आपल्याबद्दल नव्हतंच. विलायतेच्या उत्तर टोकाला स्कॉटलंड म्हणून मुलूख आहे, तिथलं होतं. तिथंही डोंगर आहेत, मेंढरं आहेत, मेंढपाळ आहेत. हायलँड हे तिथलं नाव आहे. फाटलेला कोपरा पेटीच्या तळाशी सापडला, त्यावर तारीख होती. अंदाज दोन वर्षांपूर्वीचा आहे. तो बर्फ पडला, वितळला, त्यावर गवत उगवलं, आणि ते मेंढरांनी खाल्लंसुद्धा असेल. अण्णा रडत नव्हते, हसत होते.

हे मला तेवीस तारखेलाच कळलं होतं. खरं लिहायचं म्हणून बसलो आणि हात चालेना. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, तुझ्या शब्दावर लोक थांबलेले, वर येडूमामा येणार. म्हणून 'रद्द झाला' असं लिहिलं. पहिलं पत्र मी चुकून लिहिलं होतं. दुसरं मुद्दाम खोटं लिहिलं. आणि बघ अक्का, चुकलेल्या पत्रानं कुणाचं काही बिघडलं नाही. खोट्या पत्रानं मेंढरं उघडी पडली.

काहीही करा, पण त्यांना झाका. आडोशाला न्या, एकत्र बांधा, शेकोट्या करा. मी रजा मागितली, मिळाली नाही. उद्या पुन्हा मागतो.

हे पत्र मास्तरांनी सगळ्यांसमोर वाचावं. येडूमामा असले तर त्यांच्यासमोरही वाचावं. तुझा शब्द खोटा नव्हता, माझा होता.

सिद्धाप्पा

*

वाडी, ता. ५ फेब्रुवारी

सिद्धाला मायाक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचायच्या आधी थंडी पोचली. बुधवारी दिस कलायच्या वक्ताला उत्तरंकडनं वारा आला. तो फुफाट्याचा न्हवता. तो घरात शिरला की चुलीतला जाळ आडवा व्हायचा. मेंढरं माळावरनं पळत आली, एकमेकींच्या पोटात डोकी खुपसून उभी ऱ्हायली आनि थरथराया लागली. अकराशे मेंढरं एकदम थरथरली की जमीन थरथरती रं. मला ते पायाला कळत व्हतं.

तुझं दाजी आले. छातीशी धोतराच्या सोग्यात कोकरू. म्हनले, "माये, जातील ही समदी."

मग मी घरातली घोंगडी काढली, म्हाताऱ्या मेंढ्यांवर टाकली आनि सुतळीनं पोटाला बांधली. बाकीच्यांनी बी काढली. घोंगडी संपली. मग वाकळा आनल्या, त्या बी संपल्या. मग मी पेटी उघडली आनि माझी लुगडी काढली. लुगडं लांबलचक, एका लुगड्यात तीन मेंढरं बसत्यात. ते बघून समद्या बायकांनी पेट्या उघडल्या. धोतरं, पटकं, बंड्या, सतरंजी, देवळातली गादी, ज्याला जे गावलं ते. कस्तुराबाईनं लगनातला शालू आनला तवा मातुर समदी तिच्याकडं बघाया लागली. ती म्हनली, "काय बघताय? माझ्यापरीस तिला बरा दिसतोय."

लहान कोकरं घरात घेतली, चुलीपाशी. जी मलूल व्हती त्यांना चमचाभर पाजली. तुझं दाजी चमचा धरून बसले व्हते, आनि सिद्धा, त्यांनी एक थेंब बी चाखला न्हाय. मी बघत व्हते.

साळा उघडून तितं बी मेंढरं घातली. मास्तरांनी आपला काळा कोट काढला आनि मोठ्या एडक्याला घातला, म्होरले दोन पाय भायांत, गुंड्या लावून. मास्तर आत कुडकुडत उभे आनि एडका खुर्चीपाशी. कोन मास्तर आनि कोन एडका, ते गुंड्यांवरनं वळखावं लागत व्हतं.

सकाळी भाईर आले तर हरबऱ्याच्या रानावर पांढरं. दहिवर गोठून बसलेलं, पानापानावर. कस्तुराबाई धावत गेली, बोटानं उचललं, जिभंवर ठेवलं, आनि वरडली, "आला गं, आला! रद्द न्हाय झाला!"

त्याच येळंला येडूमामा टांग्यातनं उतरले. बिचारे आखडले व्हते, डोळ्यांतनं पानी वाहत व्हतं, नीट दिसत न्हवतं. आपल्या दाराशी माझं हिरवं लुगडं नेसवलेली मेंढी पाठमोरी उभी, पदर डोक्यावरनं घेतलेला. येडूमामांनी लांबूनच हात जोडलं. म्हनले, "रामराम विहीनबाई. थंडी लई हाय की."

ती फिरली आनि बें म्हनली.

येडूमामा मटकन खाली बसले. मी धावत जाऊन त्यांना आत घेतलं, चा दिला. चुलीपाशी अकरा कोकरं, त्यातलं एक त्यांच्या मांडीवर चढून झोपलं. त्यांनी ते काढलं न्हाय. ते मी ध्यानात ठेवलंय.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. साळंत समदे जमले व्हते, मान्सं आनि लुगडी नेसलेली मेंढरं. येडूमामा बी ऱ्हायले व्हते, थंडी उतरंपातुर. मास्तरांनी वाचायला सुरवात केली. मधी ते थांबले. मी म्हनलं, "वाचा मास्तर. भाऊ म्हनतोय समद्यांसमोर, तर समद्यांसमोर." त्यांनी शेवटपातुर वाचलं.

तुझं दाजी हळूच म्हनले, "म्हंजे पोरगं चुकलं."

लगेच कस्तुराबाई उठली. "चुकलं कसं? पयलं पत्र काय म्हनत व्हतं? वारा येनार, आला. थंडी पडनार, पडली. पांढरं पडनार, मी जिभंवर ठेवलं. मेंढरं कातरू नका म्हनलं, कातरली म्हनूनच हे समदं झालं. पयलं पत्र खरं हाय. हे पत्र चुकलंय!"

आनि सिद्धा, समदी वाडी तिच्याच बाजूनं झाली. पंचांनी ठरवलं, पोरगं लाजतंय, मोठेपना घ्यायला नको म्हनून असं लिवतंय. आनि ते स्कॉटलंड बी माढ्याच्या पल्याड कुटंतरी असंल. मास्तरांनी नकाशा काढून दाखवला. कोन बघंना.

येडूमामा मातुर जाताना टांग्यात बसून म्हनले, "मायाबाई, मला इंग्रजी येत न्हाय. पन तोंडानं चुकलो म्हननारे लई बघितलेत. लिवून कोन देत न्हाय. पोरगा लिवून देतो, ते बी सासऱ्यापुढं वाचा म्हनून. माझी गोजा मी देतो." मग जरा थांबून म्हनले, "माझ्या आधी दोन दिस ते पत्र आलं असतं तर मी आलोच नसतो, ते बी खरं हाय."

आता माझं ऐक. वाडी तुला शाना म्हनती, म्हनू दे. मी म्हनत न्हाय. दोन मेंढ्या गेल्या. त्यातली एक ती तुटक्या कानाची, लहानपनी तू जिच्या पाठीला पाठ लावून उनाला बसायचास ती. मी तिला माझं नवं लुगडं घातलं व्हतं. त्यातच गेली, मी लुगडं काढून घेतलं न्हाय. तिच्यासंगं पुरलं. हे तुला रडवायला सांगत न्हाय. चुकलो असं लिवलं असतंस तर आमी समदी हसलो असतो, पयली मी. खोटं पत्र मला नगं. ते मला तवाच वळखायला आलं व्हतं, पन मी माझ्या शबदाला जपत बसले आनि मास्तरांना 'खरं काय ते लिव' असं लिवायला सांगितलं न्हाय. म्हनून निम्मी चूक माझी. ती मी बी लिवून देते, ही बघ, मास्तरांच्या हातनं.

बाकीची मेंढरं बरी हायेत. थंडी उतरली. लुगडी परत घेताना मातुर तरास झाला. सात मेंढ्या काढू देत न्हाईत, अंगावर येत्यात. कस्तुराबाईची तर शालू घिऊन माळावर चरती. पल्याडच्या वाडीचे लोक बघाया येत्यात, आनि मास्तर कोटाशिवाय शिकवत्यात.

लगीन फागुनात धरलंय. तवा तुला रजा मिळंल का ते इचार. न मिळाली तर सोड ती नोकरी, हितं काम लई हाय.

एवढं ध्यानात ठेव. येताना मोटारीत कुनी शेंगा दिल्या, भजी दिली, तर खा. पन ती ज्या कागदात बांधून दिली असतील, तो कागद वाचू नगं.

मायाक्का